सोनामावशींची मुंबई

सोनामावशी मला पहिल्यांदा दिसल्या त्या छपरावर. लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली होती आणि राहायला जागा मिळाली होती तुंगार्लीत, मुंबईच्या एका शेटजींच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत. मी आणि आई टांग्यातून सामान उतरवत होतो. बंगल्याची राखण करणाऱ्या बाईंकडून किल्ली घ्यायची, असं शेटजींच्या माणसाने सांगितलं होतं. पण त्या बाई कुठे दिसेनात. आईने दोन हाका मारल्या. तेव्हा डोक्यावरून आवाज आला, "आले, आले. येवढं कौल बसिवते."

वर पाहिलं तर चाळिशी उलटलेली एक सडसडीत बाई, काष्टा घट्ट खोचून, छपराच्या अगदी काठावर उकिडवी बसली होती. कौल बसवून झाल्यावर तिने शिडीकडे पाहिलंसुद्धा नाही. शेजारच्या आंब्याची फांदी धरली, बुंध्याला पाय लावला आणि आमच्यापुढे उभी राहिली. कमरेची किल्ली काढून आईच्या हातात दिली आणि म्हणाली, "नळ हाय, पर पानी हिरीचं प्या. ग्वाड हाय."

रात्री अंथरुणं घालताना आई म्हणाली, "या बाईचं काही खरं दिसत नाही बाई."

लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. त्या वेळची तुंगार्ली म्हणजे नुसते बंद बंगले. उन्हाळ्यात आणि दिवाळीत मुंबईची मंडळी यायची, ग्रामोफोन वाजायचे, पोरं तलावाकडे धावायची. बाकीचं वर्ष दारांना कुलपं, आणि प्रत्येक कुलपामागे एखादा माळी नाहीतर राखणदार. आमच्या बंगल्याच्या राखणदार सोनामावशी होत्या. जन्म बेडशाचा, लेण्यांच्या डोंगराखालचा. लग्न लहानपणीच झालेलं. पण त्यांना गाव विचारलं की त्या बेडसं सांगत नसत. "मी मुंबईची," म्हणत.

चार-आठ दिवसांत आईला बाजारात वाण्याने सांगितलं की ती सिनेमातली बाई आहे, जपून राहा. आमचे वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. आई पुण्याच्या सदाशिव पेठेतून पहिल्यांदाच बाहेर पडलेली. सिनेमातली बाई हे शब्द ऐकून तिने मावशींशी बोलणंच टाकलं. पाणी भरायला गेली तरी मावशी विहिरीवरून हलल्यावर जायची. मावशींच्या ते लक्षात आलं असणारच. पण त्या रोज सकाळी आमच्या पायरीवर मूठभर जास्वंदीची फुलं ठेवत राहिल्या. आई ती देवाला वाहायची आणि कुणाची म्हणून विचारायची नाही.

आषाढात आईला हिवताप झाला. मी दिवसभर शाळेत. लोणावळ्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, आठवडे न् आठवडे ऊन दिसत नाही, भिंतींना ओल सुटते, कपडे वाळत नाहीत. मावशी न विचारता आत आल्या. शेगडी पेटवली, तिच्यावर वेताची टोपली उपडी घातली आणि आईची लुगडी तिच्यावर वाळत टाकली. काढा करून पाजला. तापात आई बडबडत होती तेव्हा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. ताप उतरल्यावर आईनेच एका दुपारी त्यांना विचारलं, "सोनाबाई, तुम्ही सिनेमात नेमकं काय करत होतात?"

मावशी टोपलीवरचं लुगडं उलटत होत्या. म्हणाल्या, "उड्या मारायचे."

वडील गेल्यापासून आई हसली नव्हती. त्या दिवशी ती हसली, इतकी की तिला खोकला लागला. मावशी बिचाऱ्या गोंधळून बघत राहिल्या, कारण त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

त्यानंतर त्या शेगडीभोवतीच्या बैठकी सुरू झाल्या. मी शाळेतून यायची तेव्हा दोघी बसलेल्या असायच्या आणि आमच्या त्या ओल्या खोलीत मुंबई भरलेली असायची.

मावशी मुंबईला गेल्या नवऱ्यामागे. तो परळला गिरणीत होता. एका खोलीत तीन बिऱ्हाडं. इन्फ्लुएंझाची, म्हणजे मानमोडीची साथ आली तेव्हा माणसं इतकी पटापट गेली की खांदे द्यायला माणसं मिळेनात. "सकाळच्याला कामावर गेला, दोन दिसांनी न्हवता," एवढंच त्या नवऱ्याबद्दल सांगत. दीर न्यायला आला. गावी परत जायचं म्हणजे दिराच्या घरी भांडी घासत म्हातारं व्हायचं. मावशी गेल्या नाहीत. विटा वाहायच्या कामाला लागल्या. अशाच एका कामावर दादरच्या एका फिल्म कंपनीत पोचल्या. मुक्या चित्रांचे दिवस होते. कंपनी म्हणजे पत्र्याचं कुंपण घातलेलं मोकळं मैदान, आणि मैदानात किल्ला उभा राहत होता.

"किल्ला तरटाचा बरं का काकू," मावशी आईला सांगत. "मागनं बांबू, पुढनं तरट, वर गेरू आन चुना. पर लांबनं बगावा, तर आपला लोहगड झक मारंल."

त्या किल्ल्यावरून राणीने उडी टाकायची होती. खरी राणी एक गोरी बाई होती, ती कसली उडी मारते. म्हणून एका पैलवानाची मिशी काढून त्याला लुगडं नेसवलं. पैलवानाने उडी मारली. पण हवेत लुगडं वर गेलं आणि त्याच्या केसाळ पिंढऱ्या साऱ्यांना दिसल्या. डायरेक्टरने हॅट काढून जमिनीवर आपटली. डोक्यावर पाटी घेऊन उभ्या असलेल्या सोनामावशींना हसू आवरेना. डायरेक्टर ओरडला, हसतेस काय, तू मारतेस का? मावशींनी पाटी खाली ठेवली.

"वर गेले. खाली चार गडी जाजम धरून हुबे. वरनं जाजम रुमालायेवढं दिसत व्हतं. म्हनलं, सोने, आता मागं फिरलीस तर समदी हसत्याल. डोळं उगडं ठिवलं आन टाकली." इथे त्या थांबत. कितीही वेळा सांगितलं तरी इथे थांबतच. "खाली आले तर समदी टाळ्या वाजवत व्हती. माज्या जल्मात माज्यासाटी कुनी टाळी वाजिवली न्हवती."

मग त्या तिथल्याच झाल्या. किल्ल्यावरून, गच्चीवरून, चालत्या मोटारीतून, एकदा तर जहाजाच्या डोलकाठीवरून. पडद्यावर त्यांचं तोंड कधीच दिसलं नाही. तोंड दिसायचं गोऱ्या राणीचं, उडी मावशींची. याचं दुःख वाटायचं का, असं मी एकदा विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, "तोंड घिऊन काय करायचं?"

त्या कामाने त्यांच्या अंगाला ज्या सवयी लावल्या त्या शेवटपर्यंत सुटल्या नाहीत. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरलेला होता, तो बसवणाऱ्याने घाईत बसवला म्हणून. कुठलीही उंच जागा दिसली की आधी खाली बघायच्या. माझ्याबरोबर शाळेच्या समारंभाला आल्या, तर वरच्या मजल्याच्या खिडकीतून वाकून अंगण न्याहाळत होत्या. हेडमास्तरीणबाई घाबरल्या. मावशी त्यांना समजावू लागल्या, "तसं न्हाई बाई. त्या तुळशीच्या अंगाला माती मऊ हाय, येवढंच बगितलं." शांतता मात्र त्यांना सोसत नसे. तुंगार्लीत रात्री चिटपाखरू बोलत नाही, आणि त्यांना झोप लागत नाही. मग खंडाळ्याच्या बाजूने मालगाडीचा आवाज आला की कूस बदलून झोपायच्या. बोलपट आले तशी त्यांची कंपनी बुडाली आणि त्या इथे राखणीला आल्या, म्हणून बोलपट त्यांना अजिबात पसंत नव्हते. बाजाराजवळच्या मैदानात तंबू लागला की आम्ही जायचो. अर्ध्या खेळात मावशी कंटाळून उठायच्या. "नुसती बोलत्यात. आमच्या येळंला बोलायला फुरसत कुटं व्हती?"

त्यांच्या तोंडून ती मुंबई ऐकताना वाटायचं की तिच्यासारखं वाईट गाव नसेल, आणि दुसऱ्याच वाक्याला वाटायचं, आपण तिथे नव्हतो हे आपलं केवढं दुर्दैव. कंपनीच्या फाटकापाशी दादा लोक हप्ता मागायला उभे असायचे. नाही म्हटलं तर रात्री तरटाचा किल्ला जाळून जायचे. दंगलीच्या दिवसांत मावशी पदराखाली वीट घेऊन कामावर जात. फिल्मची फीत दारूसारखी पेटायची. फिती जोडायच्या खोलीत एकदा जाळ झाला आणि आतली दोन माणसं बाहेर आलीच नाहीत. आणि त्याच कंपनीत रंगवायला आंध्रातला कारागीर होता, कॅमेरा फिरवायला पारशी, राणीला रडू यावं म्हणून कॅमेऱ्यामागे बसून फिडल वाजवणारा गोव्याचा म्हातारा. दुपारी सगळ्यांचे डबे एकाच चटईवर. कुणी कुणाची जात विचारत नसे. "इचारून करतो काय? संध्याकाळला कोन असंल आन कोन नसंल, काय नेम?"

वाघाची गोष्ट आईला सगळ्यात आवडायची. सर्कशीतून भाड्याने आणलेला एक म्हातारा वाघ होता. त्याला अफू चारून चित्र काढायचं असं ठरलं होतं. पण अफू कमी पडली, वाघ दोरी तोडून उठला. पळापळ झाली. फिडलवाला वाद्यासकट पाण्याच्या टाकीवर चढला. वाघ मात्र कुणाच्या वाटेला गेला नाही. पेंटरच्या खोपटात शिरला. तिथे नुकताच रंगवलेला गंगा नदीचा पडदा वाळत घातला होता, त्याच्यावर जाऊन पसरला आणि झोपला. त्याला उठवून आणला तेव्हा त्याची एक बाजू निळी होती. डायरेक्टर डोक्याला हात लावून बसला. तेव्हा पारशी म्हणाला, डिकरा, आपल्या चित्रात निळं कुठं दिसतं? आणि तो निळा वाघच चित्रात घेतला.

"सोनाबाई, माणसं जळाली आणि वाघ निळा झाला, दोन्ही तुम्ही एकाच आवाजात कसं सांगता हो?" आईने एकदा न राहवून विचारलं.

"दोनी एकाच ठिकानी झालं न्हवं," मावशी म्हणाल्या.

वाघाला खोपटातून उठवून आणणारा माणूस इस्माईलभाई. तो कंपनीचे घोडे सांभाळायचा. वडगावकडचा, टांगेवाल्याच्या घरातला, म्हणजे आपल्या मावळातलाच. बोली मावशींचीच. मावशींना घोड्यावर बसायला त्याने शिकवलं. पडायचं कसं तेही त्यानेच शिकवलं. अंग ताठ धरू नको, पोतं हो, असं सांगायचा. ईदेला त्याच्या घरून शेवया यायच्या आणि दिवाळीला मावशी त्याच्या पोरांना करंज्या द्यायच्या. त्याचं नाव निघालं की मावशींचा आवाज जरा खाली यायचा. पण तो कसा गेला हे त्यांनी पहिली दोन वर्षं आम्हाला सांगितलं नाही.

सांगितलं ते एका पावसाळ्यात, विचारल्याशिवाय. एका सरदाराने घोड्यासकट ओढा उडून जायचं, असं चित्र होतं. सरदाराच्या जागी इस्माईलभाई. खाणीजवळची जागा, दगड ओले. घोड्याचा मागचा पाय सुटला आणि घोडा त्याच्या अंगावर आला. एक दार काढून त्याच्यावर त्याला घातला आणि बैलगाडीतून दवाखान्याकडे नेला. मावशी गाडीबरोबर काही अंतर धावल्या. वाटेतच तो गेला. त्याचा फेटा त्यांच्या हातात राहिला होता, तो घेऊन त्या परत आल्या. डायरेक्टर दगडावर बसून रडत होता. वाईट माणूस नव्हता तो, असं मावशी दोनदा म्हणाल्या. तेवढ्यात कुणीतरी वर बघितलं आणि म्हणालं, ऊन जातंय.

उन्हावरच चित्रं निघायची तेव्हा. ऊन गेलं की दिवस गेला. दुसरा घोडा होता. बसणारं दुसरं कुणी नव्हतं.

"तुम्ही केलंत?" आईने विचारलं.

"केलं. त्याचाच फेटा बांदला आन केलं. येका दमात झालं." मग म्हणाल्या, "ते चित्र लय चाललं. मी बगाया गेलते. घोडं वढ्यावरनं उडलं तवा पब्लिकनं अशा शिट्ट्या मारल्या, अशा शिट्ट्या! असली मानसं व्हती तवा काकू. काम थांबवत न्हवती."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. मला आजही तो स्वर आठवतो. त्यात अभिमानच होता. आईने उठून चहा टाकला आणि पहिला कप मावशींच्या हातात दिला.

पुढच्या उन्हाळ्यात मुंबईची एक फिल्म कंपनी तुंगार्लीच्या तलावावर चित्र काढायला येणार अशी बातमी आली. मावशींच्या अंगात वारं शिरलं. बाजारात भेटेल त्याला सांगत सुटल्या. कंपनीच्या लोकांसाठी गूळपापडी केली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या, केसांना तेल लावलं आणि आम्हा दोघींना घेऊन सकाळीच धरणाच्या भिंतीपाशी हजर झाल्या. गावातली बरीच मंडळी जमली होती.

डायरेक्टर तिशीतला, चष्मेवाला तरुण होता. मावशींनी त्याला आपण कोण ते सांगितलं. त्याने "वा, वा" म्हटलं, गूळपापडी खाल्ली आणि मावशींना बसायला खुर्ची दिली. त्या खुर्चीवर मावशी अशा बसल्या, की जणू कंपनी त्यांचीच. प्रत्येक गोष्टीवर आम्हाला कानात सांगत होत्या. चंदेरी पत्र्याचे ते तक्ते ऊन फिरवायला, तो माणूस नुसता नंबराची पाटी धरायला, आमच्या वेळी हे सगळं एकच जण करायचा. हात मात्र चांगला आहे हो पोराचा, अशी डायरेक्टरला शाबासकीही देऊन झाली.

दुपार कलली तेव्हा उडीचं चित्र निघालं. नायिकेने दुष्टाच्या तावडीतून सुटून भिंतीवरून तलावात उडी टाकायची. नायिकेच्या जागी तिच्यासारखंच पातळ नेसवून एका पोरीला वर उभं केलं होतं. कुसुम तिचं नाव. सोळा-सतरा वर्षांची, काटकुळी. वैशाखात तलावाचं पाणी आटून भिंतीच्या बुडाशी चिखल आणि दगड उघडे पडतात. पाणी होतं ते जरा पुढे. पोरगी भिंतीवर उभी राहिली ती राहिलीच. खालून दोनदा शिट्टी झाली. ती वाकून बघायची आणि परत सरळ व्हायची. जमलेल्या लोकांत हसाहशी सुरू झाली.

मावशी आईला सांगत होत्या की पहिल्या उडीला असंच होतं, जरा दम धरावा लागतो. तेवढ्यात डायरेक्टर ओरडला, "चला, लवकर, ऊन जातंय!"

मावशींचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. त्या खुर्चीवरून उठल्या आणि भिंतीवर चालू लागल्या. मला वाटलं, पोरीला उडी कशी मारायची ते शिकवायला निघाल्या. सगळ्यांनाच तसं वाटलं असावं, कारण डायरेक्टरने त्यांना अडवलं नाही. मी त्यांच्या मागोमाग थोडी पुढे गेले होते, म्हणून मला बोलणं ऐकू आलं.

"पवता येतं का गं तुला?"

कुसुमने नकारार्थी मान हलवली. मग घाईने म्हणाली, "येत नाही. पण येतं म्हणून सांगितलंय. तुम्ही बोलू नका, माझं काम जाईल."

मावशींनी खाली पाहिलं. नेहमीसारखं, जागा न्याहाळत. मग आपला पदर तिच्या खांद्यावरून घेतला, तिला कुशीत धरली आणि भिंतीवरून परत आणू लागल्या.

डायरेक्टर धावत आला. हे काय चाललंय, म्हणाला. मावशींनी सांगितलं, ही उडी मारणार नाही. तो चिडला. पण आवाज चढवला नाही. "मावशी, सकाळपासून तुम्हीच सांगत होतात ना, तुमच्या वेळी कोणी मागे हटत नव्हतं म्हणून?"

"सांगत व्हते."

"मग?"

"मग कायबी न्हाई. ही मारनार न्हाई."

"तर मग तुम्ही मारा."

लोक हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी परत एकदा खाली पाहिलं आणि या वेळी बराच वेळ पाहिलं. त्यांच्या पायांची बोटं भिंतीच्या दगडावर आवळलेली मला दिसली. त्यांना मारायची होती. सगळं गाव बघत होतं, कॅमेरा रोखलेला होता, आणि दहा-बारा वर्षं त्या ज्याच्यासाठी झुरत होत्या ते समोर उभं होतं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मी बी न्हाई."

त्या कुसुमला घेऊन खाली आल्या आणि तिला आईच्या शेजारी बसवून स्वतः तिच्यापुढे उभ्या राहिल्या. ऊन डोंगरामागे गेलं. कंपनीने सामान आवरलं. खेळ बुडाला म्हणून गावची मंडळी मावशींना बोल लावत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरने, कुरकुरत का होईना, वेगळी तोड काढली. जवळच्या शेतकऱ्याकडून भाताचा पेंढा आणवला आणि त्याची बाईएवढी बाहुली करवली. तिला पातळ नीट नेसवता येईना, तेव्हा माणूस पाठवून मावशींनाच बोलावणं केलं. मावशी गेल्या, निमूटपणे पातळ नेसवून दिलं. बाहुली भिंतीवरून टाकली. ती हवेत गिरकी घेऊन पडली. डायरेक्टर खूश होऊन म्हणाला, "झालं की!" सगळं काम चहा निवायच्या आत उरकलं.

मावशी घरी आल्या आणि आमच्या पायरीवर बसल्या. आई तांदूळ निवडत होती. मावशींनी ताटातला एक खडा काढला, मग दुसरा काढला. तिसरा हातातच ठेवून म्हणाल्या, "काकू, पेंडा आमच्या येळंला बी व्हता की."

आईचा हात थांबला.

"घोड्याच्या तबेल्यात ढीग पडलेला असायचा. इस्माईलभाईच टाकायचा घोड्याम्होरं." त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आवाज न करता रडल्या. आईने ताट बाजूला सारलं आणि ज्या बाईची सावलीही तिने एके काळी टाळली होती तिच्या पाठीवर हात फिरवत बसली.

त्यानंतर मावशींनी मुंबईचं नाव काढणं सोडलं. पावसाळा आला, शेगडी पेटली, टोपली उपडी पडली. पण आमच्या खोलीत नुसता पाऊस ऐकू यायचा. आईला चैन पडेना. एकदा ती आपणहून म्हणाली, "सोनाबाई, तो वाघ निळा कसा झाला हो?" मावशींनी दोन वाक्यांत सांगितलं आणि लुगडं उलटायला उठल्या. छपरावर मात्र अजून चढत. वर गेल्या की बराच वेळ उतरत नसत.

हिवाळ्यात जपान लढाईत उतरला आणि मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून माणसं घाट चढून वर येऊ लागली. तुंगार्लीची सगळी कुलपं निघाली. आमच्या शेटजींचं अख्खं कुटुंब, सुना, नातवंडं, स्वयंपाकी महाराज, सगळे बंगल्यात येऊन राहिले. राखण करण्यासारखं मावशींना काही उरलं नाही. त्या नातवंडांना आंब्यावरून उतरवण्यात दिवस काढत होत्या.

अशात तलावावर आलेल्या त्या फिल्म कंपनीचा मॅनेजर मावशींना शोधत आला. थकलेला, म्हातारा माणूस. आमच्याच ओट्यावर बसून बोलला. मुंबई रिकामी होतेय, तरी कंपनी चालू आहे. बऱ्याच जणी घरच्या माणसांबरोबर गावी गेल्या. ज्यांना गाव नाही त्या पोरी राहिल्यात. त्यांच्याकडे बघायला कुणी वडीलधारी बाई हवी. धरणावरची गोष्ट त्याच्या लक्षात राहिली होती. मावशी लगेच नाही म्हणाल्या. आता आपलं वय झालं, ते दिवस गेले, असं काहीबाही सांगितलं. मॅनेजर उठला. फाटकापर्यंत गेला तेव्हा मावशींनी मागून हाक मारून विचारलं, "ती कुसुम हाय का अजून?"

"आहे," तो म्हणाला. "तिला कुठं जायचंय?"

मावशींनी चार दिवसांत सामान बांधलं. सामान म्हणजे एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी. आई त्यांच्यावर खूप रागावली. जग मुंबईतून पळून येतंय आणि तुम्ही तिकडे निघालात, असं म्हणाली. इथे घर आहे, हवा आहे, आम्ही आहोत; तिथे आता काय राहिलंय तुमचं?

"माजं काय न्हाई राह्यलं," मावशी म्हणाल्या. "पोरी हायत."

आम्ही त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. मुंबईहून आलेल्या गाडीतून माणसं उतरत होती. ट्रंका, वळकट्या, शिवणाची यंत्रं, पोपटाचे पिंजरे, रडणारी पोरं. फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईकडे जाणारी गाडी आली ती जवळजवळ रिकामी. बायकांच्या डब्यात एकच बाई होती. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या झग्यातली, सुटी संपवून कामावर परत निघालेली नर्स. मावशी चढल्या, पेटी बाकाखाली सारली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसल्या.

आईने रागाच्या भरातही तिळाच्या पोळ्या केल्या होत्या. तिने खिडकीतून डबा पुढे केला. मावशींनी तो घेतला. पण त्यांचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. त्या नर्सला विचारत होत्या, "रातच्याला समदे दिवे बंद ठिवत्यात म्हनं? मग मानसं रस्त्यानं चालत्यात कशी?" नर्स सांगू लागली. गाडीने शिट्टी दिली. आई खिडकीबरोबर चालत होती, जपून राहा, पोचल्याचं कुणाकडून तरी कळवा, असं काही म्हणत होती. मी तिचा दंड धरला.

गाडी खंडाळ्याच्या बाजूला वळेपर्यंत मला खिडकीतून मावशी दिसत होत्या. डबा मांडीवर, हनुवटी तळहातावर टेकलेली, आणि ती परकी बाई आजच्या मुंबईबद्दल जे सांगत होती ते त्या मान पुढे काढून, मध्ये एक शब्दही न बोलता, ऐकत होत्या.